सराव तोफगोळ्यांचा संग्रह: प्रकार आणि उपप्रकार ओळखण्याची नवख्यांसाठी पद्धत

युद्धकाळात उत्तम पोलाद, तांबे आणि स्फोटके आधी आघाडीकडे जातात, आणि तोफखान्यातील नव्या जवानांना नेमबाजी शिकवण्यासाठी जे गोळे बनतात त्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. तपासणीत नापास झालेली कवचे, बाद झालेल्या नमुन्यांचे जुने साठे, ओतीव लोखंड, तांब्याऐवजी वापरलेला एखादा पर्यायी धातू, अशा सगळ्याची सोय सराव गोळ्यात लावली जाते. त्यामुळे एकाच तोफेसाठी, कागदोपत्री एकाच नावाने बनलेल्या सराव गोळ्याचे अनेक उपप्रकार हाती लागतात, आणि लढाईतील गोळ्यापेक्षा हा दुय्यम गोळा संग्राहकाला अधिक काही सांगतो, असे माझे मत आहे. मात्र त्याची ओळख एकाच खुणेवरून पटत नाही. धातू काय सांगतो, त्यावरचा ठसा काय सांगतो आणि वरचा रंग काय सांगतो, या तिन्ही साक्षी स्वतंत्रपणे नोंदवून मग एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम बदलू नये, विशेषतः पहिली पायरी वगळू नये.

पहिली पायरी: ‘सराव’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे

नवख्याची सर्वांत घातक समजूत अशी असते की सराव गोळ्यात स्फोटक नसतेच. अनेक सराव गोळे खरोखर भरीव किंवा वाळूने भरलेले असतात. परंतु गोळा नेमका कोठे पडला हे दूरवरच्या निरीक्षकाला दिसावे म्हणून कित्येक गोळ्यांत काळ्या दारूचा धूर काढणारा भार आणि तो पेटवणारा फ्यूज बसवलेला असे. २०, ३७ आणि ४० मिमीच्या अनेक सराव गोळ्यांच्या बुडात ट्रेसर असतो, म्हणजे गोळ्याचा मार्ग उजळवणारे ज्वालाग्राही मिश्रण. काळी दारू वयाने निकामी होत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात तेथील गृहयुद्धातील, म्हणजे सुमारे १४० वर्षे जुन्या गोळ्यावर काम करताना एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. तेव्हा ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ हा युक्तिवाद करणाऱ्याच्या घरी वस्तू पाहायलासुद्धा जाऊ नये.

यावरून काही नियम निघतात आणि त्यांना अपवाद नाही. जमिनीतून, जुन्या चांदमारीच्या मैदानातून, नदीपात्रातून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून गोळा उचलायचा नाही. डागला जाऊन न फुटलेला गोळा हा न डागलेल्या गोळ्यापेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण नळीतून सुटताना बसलेल्या धक्क्याने आणि गिरकीने त्याचा फ्यूज सज्ज झालेला असू शकतो. असा गोळा दिसल्यास हात न लावता, जागा लक्षात ठेवून मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे. आपल्या ताब्यातील कोणत्याही गोळ्याचा फ्यूज किंवा बूच स्वतः उघडू नये, त्याला भोक पाडू नये, तापवू नये, ग्राइंडर लावू नये. लोखंड की पोलाद हे ओळखण्यासाठी कारखान्यातील जुनी माणसे सहाणेवर ठिणगी काढून पाहतात; ती युक्ती येथे पूर्णपणे वर्ज्य आहे.

खरेदी फक्त अशाच वस्तूची करावी जी अधिकृत तज्ज्ञांनी रिकामी करून तपासलेली आहे. ब्रिटनमध्ये अशा वस्तूसोबत ती स्फोटकमुक्त असल्याचे लेखी प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. तुम्ही कोठेही राहत असलात तरी त्याच धर्तीचा कागद मागावा आणि तो वस्तूशी जुळतो का, म्हणजे ठसे, माप आणि वर्णन तेच आहे का, हे पाहावे. रिकाम्या कवचाच्या बाबतीत सर्वांत चांगला पुरावा डोळ्यांनी दिसणारा असतो: बूच काढलेले, आतली पोकळी बुडापर्यंत कोरडी आणि स्वच्छ, बुडातील ट्रेसरचा खड्डा मोकळा. निष्क्रिय दारूगोळा बाळगण्याचे, विकण्याचे आणि सीमेपलीकडे नेण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून पहिल्या खरेदीपूर्वी आपल्या ठिकाणचा नियम लेखी स्वरूपात मिळवावा. आणि निष्क्रिय असला तरी गोळा विमानप्रवासाच्या सामानात घालू नये. क्ष-किरण यंत्रावर त्याची आकृती खऱ्या गोळ्यासारखीच दिसते आणि पुढचा गोंधळ प्रमाणपत्र दाखवून लगेच मिटत नाही.

दुसरी पायरी: गोळ्याचे कुटुंब ठरवणे

सराव हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी गट वेगळे करावेत. जो गोळा खरोखर डागण्यासाठी बनला तो सराव गोळा. जो फक्त तोफ भरण्याची कवायत शिकवण्यासाठी वापरला गेला आणि कधीच डागायचा नव्हता तो कवायती गोळा. हा बहुधा लाकूड, पितळ, अॅल्युमिनियम अशा पदार्थांचा किंवा त्यांच्या मिश्र जोडणीचा असतो आणि शेकडो वेळा हाताळल्यामुळे त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. तिसरा गट चाचणी गोळ्यांचा. नवी तोफ किंवा नवी दारू तपासण्यासाठी ठरावीक वजनाचा, बहुधा सपाट नाकाचा, भरीव नळकांड्यासारखा गोळा डागत. तो नवख्याला अपूर्ण राहिलेला सुटा भाग वाटतो आणि त्यामुळे अनेकदा भंगाराच्या ढिगात जातो. चौथा गट उपकॅलिबरचा: मोठ्या तोफेच्या नळीत किंवा नळीवर छोटी नळी बसवून स्वस्तात सराव घेत. पहिल्या महायुद्धातील १९१६ नमुन्याची ३७ मिमी पायदळ तोफ अमेरिकी सैन्यात पुढे याच कामासाठी वापरली गेली, म्हणून त्या मापाचे सराव गोळे मिळाले की ते पायदळाचे की मोठ्या तोफेच्या सरावाचे हा प्रश्न नेहमी पडतो.

३७ मिमी हे माप आले कोठून, हेही येथे सांगून टाकतो. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घातली. एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमचा ३७ मिमी गोळा त्या मर्यादेच्या जेमतेम वर बसत होता, आणि त्यामुळे हे माप अनेक देशांत रुजले. नवख्याने संग्रहाची सुरुवात याच मापापासून करावी असा माझा सल्ला आहे, कारण वस्तू हातात मावते, शेल्फ मोडत नाही आणि उपप्रकारांची विपुलता भरपूर आहे.

तिसरी पायरी: मोजमाप

व्हर्नियर कॅलिपर, चांगला वजनकाटा, शिवणकामाची टेप आणि लोहचुंबक एवढी साधने पुरतात. व्यास मोजताना गोळ्याच्या बुडाजवळच्या तांब्याच्या पट्ट्यावर माप घेऊ नये. तो पट्टा नळीच्या खाचांत रुतण्यासाठी मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. त्याच्या पुढे, जेथे गोळ्याचे नाक निमुळते व्हायला लागते, त्याच्या लगेच मागे घासून गुळगुळीत केलेला खांदा असतो. खरे माप तेथले, आणि तेही नळीच्या व्यासापेक्षा किंचित कमी भरते, नाहीतर गोळा नळीत शिरलाच नसता.

ब्रिटिश तोफांची नावे येथे नवख्याला चकवतात, कारण ती व्यासावरून नसून गोळ्याच्या वजनावरून पडली आहेत. ६ पाउंडरची नळी ५७ मिमी, १७ पाउंडरची ७६.२ मिमी आणि २५ पाउंडरची ८७.६ मिमी. शिवाय सारख्या व्यासाचा अर्थ सारखी तोफ असा होत नाही. बोफोर्स विमानवेधी तोफ, ब्रिटिश २ पाउंडर रणगाडावेधी तोफ आणि नौदलाची २ पाउंडर पॉम-पॉम या तिन्ही ४० मिमीच्या. पण त्यांच्या काडतुसांची, म्हणजे गोळा ज्याच्या तोंडात बसतो त्या दारूच्या धातूच्या नळकांड्यांची, लांबी अनुक्रमे ३११, ३०४ आणि १५८ मिमी आहे. गोळा काडतुसासह मिळाला तर काम सोपे होते, मात्र विक्रेते कोणताही गोळा कोणत्याही काडतुसात बसवून देतात, हे विसरू नये. काडतुसाच्या तोंडावर दाब देऊन पाडलेल्या खुणा गोळ्यावरच्या खाचेसमोर येतात का, हे पाहिले की बनावट जोडी बहुधा उघडी पडते.

वजन हा पुरावा उपयोगी असला तरी त्याचा अर्थ लावताना सावध राहावे. चांगल्या सराव गोळ्याचा मार्ग लढाईतील गोळ्यासारखाच असावा लागतो, म्हणून त्याचे वजन आणि आकार मुद्दाम तेच ठेवले जातात. स्फोटकाच्या जागी वाळू, सिमेंट किंवा तत्सम जड भरण घातलेले असते. अमेरिकी १०५ मिमी गोळ्याचे भरलेले वजन सुमारे १५ किलो असते. तुमचा गोळा त्याच्या आसपास भरला आणि बूच बंद असेल, तर आत काहीतरी आहे एवढेच कळते. ते वाळू आहे की टीएनटी हे काटा सांगत नाही. अशी वस्तू प्रमाणपत्राशिवाय घरात येऊ देऊ नये.

चौथी पायरी: पट्टा वाचणे

गोळ्याच्या बुडाजवळील मऊ धातूच्या कड्याला ड्रायव्हिंग बँड म्हणतात. नळीतील सर्पिल खाचांत रुतून तो गोळ्याला गिरकी देतो आणि मागचा वायू पुढे निसटू देत नाही. ओळख पटवण्याच्या दृष्टीने गोळ्यावरचा हा सर्वांत श्रीमंत भाग आहे, आणि मी स्वतः कोणताही नवा नमुना हाती आला की आधी येथेच पाहतो.

पहिला प्रश्न, गोळा डागलेला आहे का? डागलेल्या गोळ्याच्या पट्ट्यावर तिरप्या, समान अंतरावरच्या खाचा उमटतात. पातळ कागद पट्ट्याभोवती गुंडाळून त्यावर मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवली की या खाचांची छाप मिळते आणि त्या नीट मोजता येतात. तोफेच्या नळीत किती खाचा आहेत हे तिच्या नमुन्यावर अवलंबून असते. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिमी तोफेत त्या २४ आहेत. तुमच्या ७५ मिमी गोळ्यावर २४ नसतील, तर तो त्या तोफेतून सुटलेला नाही, मग विक्रेत्याच्या चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो. छाप घेतलेल्या कागदावर तारीख टाकून तो जपून ठेवावा, कारण पुढे दुसरा नमुना मिळाला की दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून तुलना करता येते.

दुसरा प्रश्न धातूचा. तांब्याच्या पट्ट्याला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर गोष्ट रंजक होते. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाल्यावर जर्मनीने पट्ट्यासाठी लोखंडाची भुकटी दाबून आणि भाजून बनवलेले कडे वापरले, आणि काही गोळ्यांवर मऊ लोखंडाचे किंवा लोखंडावर तांब्याचा थर चढवलेले कडे आले. पट्ट्याचा प्रकार दाखवणारी एफईएस, एफईडब्ल्यू, केपीएस ही अक्षरे रोमन लिपीत गोळ्याच्या नावात किंवा अंगावर आढळतात. म्हणजे बाकी सर्व बाबतींत जुळणारे दोन गोळे फक्त या कड्यावरून दोन वेगळे उपप्रकार ठरतात, आणि त्यातून टंचाईचा काळही कळतो. पट्ट्याची रुंदी, तो एकच आहे की दोन, त्यावर आडव्या चिरा किती आहेत, आणि तो गोळ्याच्या बुडापासून किती अंतरावर आहे, हे चारही तपशील नोंदवावेत. एकसारखा व्यास असलेल्या पण वेगळ्या तोफांच्या गोळ्यांत बहुधा येथेच फरक पडतो.

पाचवी पायरी: घडण

खालून वर पाहत जावे. बूड सपाट आहे की निमुळते? मध्यभागी ट्रेसरसाठी आट्यांचा खड्डा आहे की तो कधी पाडलाच नाही? अंगावर लेथच्या बारीक रेषा आहेत की साच्याच्या वाळूचा खरखरीतपणा आणि जोडाची अंधूक रेघ? पहिले घडीव पोलादाचे, दुसरे ओतीव लोखंडाचे लक्षण. नाकाकडे मात्र थांबावे. लढाईतील गोळ्यावर फ्यूज असतो, तर सराव गोळ्यात त्याच वजनाचे आणि आकाराचे खोटे नाक आट्यांनी बसवलेले असते, किंवा फ्यूजचा आकार गोळ्याच्या अंगातूनच कोरून काढलेला असतो. पोलादी, अॅल्युमिनियमचे, जस्तमिश्रधातूचे असे नाकाचे भेद एकाच नमुन्यात येऊ शकतात. बूच जिथे शरीराला मिळते तेथे ते फिरू नये म्हणून छिन्नीने मारलेले ठोके पाहावेत. ठोके मूळचे असतील तर बूच मूळचे असण्याची शक्यता मोठी. खरेदीच्या वेळी बूच सहज फिरत असेल तर ते नंतर बदललेले असू शकते, आणि मग आत काय आहे याची शंका पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडते.

सहावी पायरी: ठसे

ठसे वाचण्यासाठी खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरावा. वरच्या प्रकाशात कोरी दिसणारी पोलादी पाठ आडव्या प्रकाशात पान भरून मजकूर दाखवते. तारेचा ब्रश लावू नये. गंजाबरोबर अक्षरेही निघून जातात.

अमेरिकी गोळ्यावर सामान्यतः माप, नमुना, कारखान्याची आद्याक्षरे, लॉट (एकत्र बनलेल्या गोळ्यांचा गट) क्रमांक आणि वर्ष यांचे ठसे मिळतात. १९२० च्या दशकापासून तेथील लष्कराने नमुना दाखवण्यासाठी ‘मार्क’ऐवजी ‘एम’ क्रमांक वापरायला सुरुवात केली. पुढे ‘ए’ आणि अंक म्हणजे रचनेतील सुधारणा, तर ‘बी’ आणि अंक म्हणजे पर्यायी धातू किंवा उत्पादनपद्धती. १०५ मिमी हॉवित्झरचे एम-१४ हे पितळी काडतूस आणि एम-१४बी१ हे पोलादी काडतूस हे याचे नेहमी दिसणारे उदाहरण. अमेरिकी नौदलाच्या गोळ्यांवर रोमन लिपीतील बी, एल आणि पी ही आद्याक्षरे आली तर गोळा निष्क्रिय भरणाचा असून त्याचे नाक बुचाने बंद केले आहे. पी ऐवजी टी असल्यास त्यात ट्रेसर आहे. ब्रिटिश वस्तूंवर सरकारी मालकीचा रुंद बाण शोधावा, आणि मार्क क्रमांक रोमन अंकांत आहे की साध्या अंकांत हे पाहावे, कारण १९४४ च्या सुमारास रोमन अंकांची पद्धत सोडण्यात आली. जर्मन सराव गोळ्यांवर ‘उबुंग’ या शब्दाचा संक्षेप येतो, कवायती वस्तूंवर ‘एक्सरत्सीर’चा, म्हणजे रोमन ई आणि एक्स ही अक्षरे. हा भेद त्या देशाच्या लोकांनी स्वतःच इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवला असताना विक्रेते दोन्ही वस्तू एकाच नावाने विकतात, हे पाहून मला अजूनही आश्चर्य वाटते.

वजनाच्या खुणाही येथेच येतात. गोळे अगदी एकसारख्या वजनाचे बनत नसल्यामुळे तोफखान्याला नेम दुरुस्त करता यावा म्हणून त्यांची वर्गवारी केली जाई. अमेरिकी गोळ्यांवर ती छोट्या चौकोनांनी, तर जर्मन गोळ्यांवर रोमन अंकांनी दाखवतात. जर्मन पद्धतीत तीन हा अंक सर्वसाधारण वजनाचा. नवखे संग्राहक या खुणांना वेगळा उपप्रकार समजून दोनदा पैसे मोजतात. तो उपप्रकार नव्हे, त्याच उत्पादनातील वजनाचा फरक आहे.

सातवी पायरी: रंग, सर्वांत शेवटी

रंग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत कमी विश्वासार्ह असतो. अमेरिकी पद्धतीत सरावाचा रंग निळा, त्यावर पांढरी अक्षरे. आज अनेक देशांत निळ्याचा अर्थ तोच आहे. स्फोटक गोळे तेथे आधी पिवळे होते आणि दुसऱ्या महायुद्धात ते पिवळ्या अक्षरांसह शेवाळी रंगाचे झाले. ब्रिटिश गोळ्याच्या नाकाजवळचे लाल कडे तो भरलेला असल्याचे सांगे. पण ब्रश कोणाच्याही हातात असू शकतो. निळा रंग पाहून गोळा निर्धोक मानणे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी वाचून आतला पदार्थ खाणे.

पहिल्या एका वर्षात मी निळा रंग आणि ताजी पांढरी अक्षरे पाहून एक ३७ मिमी गोळा सराव गोळा म्हणून घेतला. रंगाखालच्या ठशांवर नमुना वेगळाच निघाला, आणि अक्षरांच्या स्टेन्सिलमधील जोड-पट्ट्या संगणकावरच्या अक्षरांसारख्या अतिशय काटेकोर होत्या. वस्तू सुदैवाने रिकामी होती. पैसे मात्र गेले.

तरीही रंग आणि ठसा यांत विसंगती दिसली की लगेच बनावटीचा निष्कर्ष काढू नये. मोठमोठ्या साठ्यांतील बाद किंवा जुनी कवचे निष्क्रिय भरण घालून सरावासाठी वळवली गेली, तेव्हा स्फोटक गोळ्याच्या ठशांवर सरावाचा रंग येणे स्वाभाविक आहे. फरक थरांत असतो. मूळ बदलात निळ्या रंगाच्या जुन्या टवक्याखाली आधीचा पिवळा किंवा शेवाळी थर दिसतो, रंग ठशांच्या खळग्यांत तळापर्यंत उतरून तेथेच म्हातारा झालेला असतो, आणि पट्ट्यावर, नाकावर तो एकसारखा झिजलेला असतो. नव्या रंगाखाली बहुधा घासून काढलेला गंज असतो. हे पाहण्यासाठी भिंग पुरते, खरवडू नये. जुन्या रंगांत शिसे असते, त्याची पूड श्वासावाटे घेण्याची काहीच गरज नाही.

आठवी पायरी: उपप्रकार कशाला म्हणावे

येथे प्रत्येक संग्राहकाने स्वतःची रेघ आखावी, पण ती लिहून ठेवावी. माझी रेघ अशी आहे: रचना, धातू, पट्टा, नाक किंवा बूच, आणि अधिकृत नमुना-क्रमांक यांपैकी काही बदलले तर वेगळा उपप्रकार, कारखाना आणि वर्ष बदलले तर त्याच उपप्रकारातील वेगळा नमुना, लॉट आणि वजनाची खूण बदलली तर केवळ नोंद. पट्ट्याची रुंदी दोन नमुन्यांत अर्ध्या मिलिमीटरने वेगळी आली तर आधी ती उत्पादनातील मुभा आहे का, झिजेमुळे आहे का, हे तपासावे. एकाच फरकाचे दोन-तीन स्वतंत्र नमुने मिळेपर्यंत त्याला नाव देऊ नये. युद्धोत्तर काळात शाळा, सैनिकी मंडळे आणि दुकानदार यांनी केलेले बदल, जसे दिव्यासाठी पाडलेले भोक किंवा क्रोमचा मुलामा, हे उपप्रकार नव्हेत.

प्रत्येक वस्तूला एक कार्ड करावे. त्यावर मापे, वजन, चुंबकाचा निकाल, पट्ट्याची छाप, ठशांची हुबेहूब नक्कल, रंगाचे थर, वस्तू कोणाकडून आणि कोणत्या कागदासह मिळाली, हे लिहावे. अंदाज वेगळ्या रकान्यात आणि निरीक्षण वेगळ्या रकान्यात ठेवावे, कारण वर्षभराने अंदाज बदलतो. स्फोटकमुक्त प्रमाणपत्राची एक प्रत कार्डासोबत आणि दुसरी घरातील अशा माणसाजवळ असावी जो तुमच्या पश्चात संग्रह हाताळणार आहे. अपरिचित गोळा दिसताच वारस पोलिसांना बोलावतात, आणि कागद नसेल तर तेच योग्य आहे.

जतन

पोलादी भागावरची धूळ मऊ ब्रशने काढावी आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा. पितळी काडतुसाला अमोनियायुक्त पॉलिश कधीही लावू नये. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवणीतच तडकत असत. तबेल्यांतून येणारा अमोनिया आणि पितळात उरलेला ताण मिळून हे घडवत होते, हे १९२० च्या दशकात स्पष्ट झाले. तीच तडक आज घरातल्या कपाटातही जाऊ शकते. चकाकी आणण्याचा मोह मुळातच टाळलेला बरा, कारण घासलेल्या पितळावरचे उथळ ठसे आधी पुसट होतात. मोठ्या मापाकडे वळणाऱ्याने शेल्फचा विचार आधी करावा: १५५ मिमीचा एक गोळा सुमारे ४३ किलो भरतो, आणि तो जमिनीलगत, आडवा आणि दोन्ही बाजूंनी पाचर लावूनच ठेवावा.